निवणाऱ्या भिंती

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

उद्घाटनाच्या गडबडीत तुझ्याशी धड दोन शब्द बोलता आले नाहीत. मी प्राचार्यांना छतावरचे मनोरे दाखवत होतो आणि तू मागच्या खांबाशी उभी राहून हसू दाबत होतीस. तुझं ते हसू मी शाळेपासून ओळखतो. म्हणून हे पत्र. फोनवर तू भांडतेस, पत्रात मुद्द्याचं लिहितेस. इमारत कशी वागते हे मला दर महिन्याला तुझ्याकडून लेखी हवं आहे. तिथली ग्रंथपाल माझी मावसबहीण आहे, याचा एवढा तरी फायदा मला मिळायला हवा.

वाचनकक्ष मी कुणासाठी काढला हे तुला सांगायला नको. तुमच्याकडे शिकायला होतो तेव्हा दोन खोल्यांत आपण सात माणसं. मी जिन्यातल्या दिव्याखाली बसायचो आणि वरच्या मजल्यावरची माणसं मला ओलांडून जायची. परीक्षेच्या दिवसांत तू तुझं टेबल मला दिलंस आणि स्वतः स्वयंपाकाच्या ओट्यावर वही ठेवून लिहिलंस. ज्यांना घरी बसायला जागा नाही त्यांना कॉलेजात तरी मिळावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिथे एसी नाही आणि लागणारही नाही.

आता नीट वाच. भिंती मुद्दाम जाड ठेवल्या आहेत. संध्याकाळी खालच्या खिडक्या आणि वरचे झरोके उघडायचे. रात्रभर गार हवा खालून येते, गरम हवा मनोऱ्यांतून वर जाते आणि भिंती निवतात. सकाळी ऊन चढायच्या आत सगळं बंद करायचं. मग दिवसभर आत थंड. सगळा खेळ रात्रीच्या खिडक्यांचा आहे. रात्री त्या बंद राहिल्या तर हीच इमारत भट्टी होईल.

आणि एक गंमत, फक्त तुझ्यासाठी. या खिडक्या आपोआप उघडायला मोटारी बसणार होत्या. शेवटच्या काटछाटीत त्या गेल्या आणि त्यांच्या जागी हाताने फिरवायची हँडलं आली. पर्यावरणपूरक दर्जासाठी आम्ही दाखल केलेल्या आराखड्यात मात्र मोटारी अजून आहेत. तेव्हा आता मोटार म्हणजे तूच!

तुझा,
फुटपट्टी


२० फेब्रुवारी

प्रिय फुटपट्टी,

लहानपणी घरातलं दार, खिडकी, आजोबांची काठी, सगळं मोजत फिरायचास म्हणून हे नाव पडलं. पण हँडल बसवताना कुणाची उंची मोजली होतीस रे? मला स्टुलावर चढावं लागतं. मोटार तक्रार करत नसेल, मी करणार.

पण खरं सांगते, तुझी इमारत गुणी आहे. बाहेर आत्ताच डोकं तापायला लागलंय आणि आत आल्यावर पोरं मान सैल करून बसतात. पहिल्या दिवशी मी भिंतीला हात लावून बघितला. माठाला लावल्यासारखं वाटलं. अभिमान वाटला, कोपऱ्यात कुणी बघत नाही असं बघून थोडं रडूनही घेतलं. डोक्यावर मिऱ्या वाटू नकोस आता.

एक मुलगी सकाळी दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली असते. वडील रात्रपाळी करतात, दिवसा घरी झोपतात. एकच खोली. पान उलटलं तरी त्यांची झोप मोडते म्हणे. मी तिला रात्रपाळी म्हणते, तिला राग येत नाही. डाव्या कोपऱ्यातली खिडकी तिने आपली करून टाकली आहे.

आता कटकट. सुरक्षा अधिकाऱ्यांचा हुकूम आहे की इमारत बंद होताना एकूण एक खिडकी बंद हवी. मी त्यांना भिंती निवण्याचं सगळं समजावलं. ते म्हणाले, "मॅडम, भिंत तापली तर पंखा लावा. उघडी खिडकी म्हणजे चोराला आमंत्रण." खिडक्यांना जाळ्या आहेत हे त्यांना दिसत नाही. मी रोज त्यांची पाठ फिरली की उघडते आणि सकाळी सातला येऊन बंद करते. घर कॉलेजच्या मागेच आहे, आभाळ भरून आलं तर धावत येता येतं. पण हे किती दिवस चोरून करायचं? तू प्राचार्यांना एक पत्र लिही. चार ओळींचं काम आहे.

ताई


२ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. माठाचं वाक्य सगळ्यांना आवडलं, एकाने ते उतरवूनही घेतलं.

सुरक्षावाल्यांचं मनावर घेऊ नकोस. त्यांचा जन्म कुलपं लावण्यात गेला. तू बिनधास्त खिडक्या रात्री उघड्या ठेव, एकही रात्र चुकवू नकोस. माझ्या जबाबदारीवर. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग, मी बघून घेतो. प्राचार्यांशी मी बोलतो.

महिनाअखेरीला परीक्षक मंडळ येतंय. शिक्षणसंस्थांच्या इमारतींचा या वर्षीचा पुरस्कार आपल्याला मिळायची दाट शक्यता आहे. त्या आठवड्यात भिंती नीट निवलेल्या हव्यात. तुझ्यावर सोपवून मी इकडे निवांत आहे.

आईच्या डोळ्यांचं काय ठरलं? मला इथून हलता येत नाही, तू आहेस म्हणून बरं.

फुटपट्टी


२८ मार्च

प्रिय फुटपट्टी,

तुझे परीक्षक येऊन गेले. भर दुपारी आले, बाहेर डांबर वितळत होतं, आणि आत शिरल्यावर त्यांतल्या एका बाईंनी चक्क खांद्यावरची ओढणी अंगाभोवती घेतली. प्राचार्य इतके खूश होते की मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. परीक्षकांनी विचारलं, "हे कसं काय साधलं?" तर प्राचार्य म्हणाले, "सगळं आपोआप चालतं. कुणी हातही लावत नाही." माझे हात पाठीमागे होते, तळव्यांना हँडलाचे घट्टे पडले आहेत. तुझी मांडलेली पंगत मी कशाला उधळू?

पण मला एक कळलं, ते म्हणजे तू प्राचार्यांशी बोललेला नाहीस. बोलला असतास तर ते असं म्हणाले नसते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्याकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वास्तुविशारदांनी लेखी दिलं तर नियम बदलतो. तोंडी नको." म्हणजे दार उघडं आहे, तुझ्या चार ओळींची वाट बघतंय. लिही रे बाबा. खरा उन्हाळा अजून यायचाय आणि परीक्षाही. रात्रपाळीने हल्ली टिफिनही इथेच आणायला सुरुवात केली आहे.

मावशीचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. आदल्या संध्याकाळी दाखल व्हायचं आहे. मी घेऊन जाते. तिचं एकच पालुपद, नीट दिसायला लागलं की आधी मुलाची इमारत बघायची.

ताई


६ एप्रिल

प्रिय ताई,

मिळाला! पुरस्कार मिळाला! परवा समारंभ. भाषणात मी जिन्यातल्या दिव्याचं सांगणार आहे आणि तुझ्या टेबलाचंही. नाव घेत नाही, काळजी करू नकोस, "माझी एक बहीण" एवढंच म्हणतो.

त्यात आणखी भर म्हणजे एका विद्यापीठाने त्यांच्या संपूर्ण नव्या परिसराच्या कामासाठी बोलावलंय. वसतिगृहं, प्रयोगशाळा, ग्रंथालय, सगळं. ताई, असं काम माणसाला आयुष्यात एकदा मिळतं. त्यांना आपल्या वाचनकक्षाची आपोआप चालणारी रचनाच सगळ्यात जास्त आवडली.

पत्राचं लक्षात आहे. पुढच्या आठवड्यात नक्की देतो. शब्द जरा जपून वापरावे लागतील, एवढंच. तोवर तू चालू ठेव.

आईला सांग, पुरस्काराचा फोटो फ्रेम करून पाठवतोय.

फुटपट्टी


१९ एप्रिल

फुटपट्टी,

जे घडलं ते सरळ लिहिते.

सोमवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे खिडक्या उघडल्या आणि मावशीला घेऊन दवाखान्यात गेले. तिचे कागद, तपासण्या, थेंब, सगळं होईपर्यंत अंधार पडला. ती घाबरली होती, माझा हात सोडत नव्हती. बाहेर वादळ सुटलंय हे मला कॉरिडॉरचे दिवे गेले तेव्हा कळलं. एरवी मी धावत गेले असते. त्या दिवशी नाही जाता आलं. गारा, आडवा पाऊस, सगळं खालच्या खिडक्यांतून आत आलं. संदर्भग्रंथांची एक अख्खी रांग भिजली, संगणक गेले. सकाळी मी पोहोचले तेव्हा पहारेकऱ्याने दार उघडलं होतं आणि रात्रपाळी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून पुस्तकं उचलून टेबलावर ठेवत होती.

नुकसान झालंय आणि ते माझ्या देखरेखीखाली झालंय, हे मी नाकारत नाही. पण मला जी कारणे दाखवा नोटीस आली आहे तिच्यात लिहिलंय की ग्रंथपालांनी सुरक्षा नियम धुडकावून, काहीही गरज नसताना, खिडक्या उघड्या ठेवल्या. गरज नसताना! चौकशी समिती बसणार आहे आणि वास्तुविशारद म्हणून तुलाही बोलावणार आहेत. तुझं पत्र प्राचार्यांकडे अजून आलेलं नाही, हे तुला वेगळं सांगत नाही.

मला नोकरीची भीती वाटते हे खरं आहे. पण त्याहून जास्त भीती याची वाटते की खिडक्यांची गरज नाही असं एकदा ठरलं की त्या कायमच्या बंद होतील. मग पोरं त्या भट्टीत बसणार नाहीत. तू येऊन फक्त खरं काय ते सांग. मी बाकी काही मागत नाही.

मावशीचं ऑपरेशन छान झालं. पट्टी काढल्यावर आधी तुझा फोटो मागितला.

ताई


२४ एप्रिल

प्रिय ताई,

मी येतोय. अजिबात काळजी करू नकोस. आईसाठी तू केलंस ते मी जन्मात विसरणार नाही.

एकच सांगणं आहे. समितीसमोर मोटारींचा विषय तू काढू नकोस. तो तांत्रिक भाग आहे, मी माझ्या पद्धतीने काढतो. तू फक्त म्हण की खिडक्यांबद्दल वास्तुविशारद सांगतील.

फुटपट्टी


११ मे

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो.

मी खोटं बोललो नाही, हे आधी समजून घे. समितीने विचारलं, रात्री कुणी खिडक्या उघडणं रचनेला आवश्यक आहे का. मी म्हणालो, मूळ आराखड्याप्रमाणे रचना स्वयंचलित आहे, माणसाने हात लावण्याची गरज नाही. मूळ आराखड्याप्रमाणे तसंच आहे. मोटारी बसल्या का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

माझ्या जागी राहून बघ. मोटारी नाहीत हे तिथे नोंदलं गेलं असतं तर इमारतीचा दर्जा गेला असता, पुरस्कार गेला असता आणि नव्या परिसराचं काम तर गेलंच असतं. माझ्या ऑफिसात माणसं आहेत, त्यांची घरं आहेत. त्या परिसरात अशा शंभर मुलींना जागा मिळेल, हे ध्यानात घे. एका खोलीसाठी ते सगळं पाण्यात घालू का?

तुझी फक्त बदली झाली, नोकरी शाबूत आहे. त्यासाठी मी प्राचार्यांशी बाहेर वेगळा बोललो, हे तुला माहीत नसेल. राग ओसरला की दोन ओळी टाक.

तुझा,
फुटपट्टी


३ जुलै

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही. असो.

नव्या कामासाठी आम्ही एक पुस्तिका छापतोय. वापरणाऱ्यांचे अनुभव त्यात हवेत, आणि तुझ्या पत्रांइतकं जिवंत कुणी लिहिलेलं नाही. माठाचं वाक्य, ओढणीवाल्या परीक्षक बाई, अभिमान वाटल्याचं. असे दोन-तीन उतारे घेऊ का? नाव हवं तर घालू, नको तर नको. अर्थात खिडक्यांचा आणि हँडलांचा भाग गाळून.

आणि माझी २ मार्चची चिठ्ठी तुझ्याकडे असेल तर फाडून टाक. तिचं आता काही काम नाही.

फुटपट्टी


१५ जुलै

फुटपट्टी,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं होतं, मग उचललं.

तुझी मार्चची चिठ्ठी समितीच्या दिवशी माझ्या पिशवीत होती. "एकही रात्र चुकवू नकोस. माझ्या जबाबदारीवर." तुझ्या त्या सरळ, पट्टीने आखल्यासारख्या अक्षरात. आधी मला बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्याकडे लेखी काही आहे?" मी नाही म्हणाले. तू समोर बसला होतास रे. माणूस समोर असताना त्याची चिठ्ठी दाखवायची म्हणजे तो खोटं बोलणार हे आधीच धरून चालायचं. मला ते सुचलंसुद्धा नाही. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी म्हणाले, "खिडक्यांबद्दल वास्तुविशारद सांगतील." मग तू सांगितलंस. बोलून झाल्यावर माझ्याकडे न बघता पाण्याच्या ग्लासावरचं झाकण नीट केलंस.

तेव्हाही चिठ्ठी काढता आली असती. हात पिशवीत गेला होता. पण मावशी घरी वाट बघत होती. मी दारात पाऊल टाकताच विचारणार होती, "कसा बोलला गं माझा मुलगा?" तेवढ्यासाठी हात बाहेर काढला. तिने विचारलंच. मी म्हटलं, छान बोलला.

एका खोलीसाठी, म्हणालास. तू ज्या शंभर मुलींसाठी नवं बांधणार आहेस, त्यांच्या खिडक्या रात्री कोण उघडणार? तिथे मोटारी बसतील का? की तिथेही कुणाची बहीण शोधून ठेवली आहेस? तू लबाड आहेस असं मी अजून म्हणत नाही. पण जिन्यात बसलेल्या ज्या मुलाला मी माझं टेबल दिलं त्याच्याबद्दल मला वाईट वाटतं. तो असा व्हायला नको होता.

तुला इमारतीची खुशाली दर महिन्याला लेखी हवी होती ना? मेपासूनची राहिली आहे, ती देते. मी आता जुन्या इमारतीच्या तळघरात जुन्या प्रश्नपत्रिका सांभाळते. तुझ्या खिडक्यांच्या चौकटीत स्क्रू ठोकले आहेत. मनोऱ्यांची तोंडं पत्र्याने बंद केली, धूळ येते म्हणून. मे महिन्यात भिंती तापल्या त्या निवल्याच नाहीत. मग एसी लावले. त्यांचा भार पाचनंतर झेपत नाही, म्हणून वाचनकक्ष पाचला बंद होतो. दारावरची पुरस्काराची पाटी मात्र रोज पुसतात.

रात्रपाळी परवा मला दवाखान्यात भेटली. मावशीला तपासायला नेलं होतं, ही तिथे बाहेरच्या बाकांवर पुस्तक घेऊन बसलेली. मला वाटलं, घरचं कुणी आजारी आहे. ती म्हणाली, "नाही मॅडम. इथे गार असतं आणि रात्री नऊपर्यंत कुणी हाकलत नाही. फक्त नंबर घ्यायचा नाही. नंबर आला की उठावं लागतं." तिच्याकडे पेन आहे का एवढं विचारलं आणि निघाले.

आता उताऱ्यांचं. माझ्या जुन्या पत्रांतली एकही ओळ घ्यायची नाही. त्या ओळी मी माझ्या भावाला लिहिल्या होत्या. उतारा हवाच असेल तर हा घे, जसाच्या तसा, आणि याच्याखाली माझं नाव घाल.

गेल्या रविवारी मावशीला तुझी इमारत दाखवायला नेलं. दुसरा डोळाही आता चांगला झाला आहे. वीज गेली होती, एसी बंद. आत पाऊल टाकताच अंगाला वाफ लागली. ती पाटीपाशी थांबली, तुझं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं आणि पदराने डोळे टिपले. डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत असं सांगितलंय, म्हणून नुसते टिपले. मग रात्रपाळीच्या कोपऱ्यात, त्या खिडकीशी जाऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "उघड ना गं खिडकी. गुदमरतंय."

मी म्हटलं, "मावशी, ही उघडत नाही."

"असं कसं? माझ्या मुलाने बांधली आहे. तू नीट बघितलं नसशील."

आणि ती उठली, आणि त्या नव्या डोळ्यांनी चौकटीच्या कडेकडेने हात फिरवत कडी शोधत राहिली.

ताई